जुन्या गावावरचं बिऱ्हाड

आमच्या होडीच्या शिडाला झालर होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या पाच दिवसांत जो कोणी भेटला त्याने पहिली चौकशी झालरीचीच केली. शीड शिवलं होतं इंदापूरच्या बाजारातल्या एका मंडपवाल्याने. लेकीने त्याला कागदावर सगळं काढून दिलं होतं, तिरक्या कडा कुठे, दुहेरी शिवण कुठे, पितळी कडी कुठे. त्यानेही ते इमानेइतबारे पाळलं. फक्त शिवून झाल्यावर खालची कड त्याला बोडकी दिसली असावी. जन्मभर लग्नाचे मांडव शिवलेला माणूस. त्याने आपल्या मनाने लाल झालर लावून दिली आणि वर म्हणाला, ताई, आता कसं भरल्यासारखं दिसतंय. लेकीचं तोंड बघण्यासारखं झालं. उसवायला गेलं तर मूळ शिवण जाईल म्हणून ती तशीच राहिली, आणि आम्ही भर मे महिन्यात उजनीच्या पाण्यावर झालर उडवत निघालो.

नवरा बारामतीकडच्या एका साखर कारखान्यात फिटर आहे. सीझन चालू असतो तेव्हा त्याला धड जेवायला वेळ नसतो, आणि सीझन संपला की त्याचे हात शिवशिवतात. एका वर्षी त्याने घरातले सगळे नळ बदलले. दुसऱ्या वर्षी बदललेले नळ पुन्हा बदलले. तिसऱ्या वर्षी लेक बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सुट्टीला आली ती शिडाच्या होडीचा नकाशा घेऊनच. पुढचे दोन उन्हाळे बापलेक गोठ्याशेजारच्या शेडमध्ये प्लायवूड कापत, घासत आणि त्यावर फायबर चढवत बसले. त्या वासाने म्हशीने दूध कमी केलं असं माझं ठाम मत आहे. ते त्या दोघांनी आजतागायत मान्य केलेलं नाही.

होडी झाली मात्र चांगली, हे कबूल करायला हवं. बावीस फुटी, सपाट बुडाची. मधोमध एक जाड फळी, खोल पाण्यात खाली सोडायची, उथळ पाण्यात वर ओढून घ्यायची. पुढच्या बाजूला एक बुटकी खोली, तिच्यात ताठ उभं राहिलं की टेंगूळ ठरलेलं. परवानगीचे कागद झाले, लाइफ जॅकेटं आली, घरासमोरच्या पाण्यात महिनाभर सराव झाला. मग लेकीने जाहीर केलं की आता पाच दिवस होडीवरच राहायचं, होडीवरच स्वयंपाक करायचा, आणि जुन्या गावाला जायचं.

आमची गावं दोन आहेत. एक हायवेजवळचं, ज्यात आम्ही राहतो. पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते, सगळी घरं एका वयाची. दुसरं धरणाच्या पाण्याखालचं. भीमेच्या काठची जुनी पेठ होती ती. दगडी घाट, काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ, बाजाराच्या दिवशी नदीपलीकडूनही माणसं यायची म्हणे. धरण झालं, पाणी चढलं, गाव उठलं. आता दरवर्षी उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं आधी देवळाचं शिखर वर येतं, मग खांब, मग आजूबाजूच्या उंचवट्याचं बेट होतं. लांबलांबची माणसं होड्या करून येतात, देवळाचे फोटो काढतात, चुरमुरे खातात आणि परत जातात.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, एवढ्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. गाव उठलं तेव्हा ते तिशीत होते. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं आणि ते कधी बदललं नाही. स्वतःच्या गावाला पाहुणा म्हणून जायचं नाही. सासूबाई होत्या तोवर त्या दर उन्हाळ्यात म्हणायच्या, एकदा नुसतं बघून येऊ. आबा पंचा झटकून उठून जायचे. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तेव्हापासून आबा संध्याकाळी पाण्याच्या कडेला जाऊन बसायला लागले, रोज, त्याच दगडावर, त्याच दिशेला तोंड करून. दगडावरून दिसत काहीच नाही. पण दिशा जुन्या गावाची आहे.

म्हणून खरं सांगायचं तर होडी, शीड, पाच दिवस हे सगळं लेकीच्या हौसेचं असलं तरी आम्हा तिघांच्या मनात एकच होतं, आबांनी एकदा तिथे पाय ठेवावा. त्यांचे गुडघे वर्षागणिक कुरकुर वाढवत होते. पुढच्या उन्हाळ्यात होडीत चढता येईल की नाही याची खात्री नव्हती. लेकीने त्यांना विचारलं तेव्हा मी भांडी घासण्याचं सोंग करत कान देऊन उभी होते. आबांनी बराच वेळ अडकित्त्याशी खेळ केला आणि मग अट घातली.

"पाण्यावर ऱ्हाईन. पाणी काय गावाचं न्हाय. पर खाली उतरा म्हनायचं न्हाय मला."

एवढं कबूल झालं हेच खूप, असं आम्ही धरून चाललो.

आता माझी गोष्ट सांगते, कारण घोटाळा तिथे आहे. माझं सासर धरणाच्या वरच्या अंगाला आणि माहेर खालच्या. माढ्याकडे कालव्याच्या कडेला भावाचा ऊस आहे. इकडे सासरी ऊस धरणाच्या फुगवट्यातून मोटारीने पाणी उचलून जगतो. म्हणजे उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की माहेरचा ऊस हसतो, आणि इकडे पाणी मागे सरकतं म्हणून सासरची माणसं मोटारी उचलून, पाइप जोडत पाण्यामागे धावतात. लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली, उन्हाळ्यात एक दिवस असा गेला नसेल की मला त्यावरून टोमणा बसला नाही. दीर म्हणायचे, वहिनी, भावाला सांगा, जरा प्यायला तरी ठेव. नवरा मोटारीचा चिखल धुताना म्हणायचा, तुझ्या भावाचं लग्न लागलंय आणि वरात आमच्या पाइपावरून चाललीय. सगळं हसण्यावारीच, पण मी मूळची तापट. पहिली पाच वर्षं भांडले. मग मी एक धोरण ठेवलं, भावाचा पाण्याचा फोन आला की घरात कुणाला काही सांगायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. परवा पाणी सुटणार होतं. ऊस करपायच्या बेताला आला होता, बिचारा फोनवर नुसता हसत होता. मलाही बरं वाटलं. मी फोन ठेवला, प्रवासासाठी भाकरी थापायला बसले आणि नेहमीच्या धोरणाने गप्प राहिले. ते सुटणारं पाणी आपल्याच होडीखालचं असणार आहे, हे डोक्यात आलं नाही. चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी नकाशावर धरण आणि कालवा दाखवते. तरीही आलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी निघालो. सरळ गेलं तर फार तर तासाभराचं पाणी, पण वारा पश्चिमेचा, नेमका समोरून. शिडाची होडी समोरच्या वाऱ्यात सरळ जात नाही, आधी एका बाजूला तिरकी जाते, मग वळून दुसऱ्या बाजूला. लेक हे मला समजावत होती आणि मला ते शाळा चुकवणाऱ्या मुलाच्या वाटेसारखं वाटत होतं. आबांना मात्र एका वळणात कळलं. औत वळवल्यागत हाय, म्हणाले, आणि पुढच्या वेळी वळायच्या आधीच डोकं खाली घालून शिडाखालची आडवी दांडी चुकवली. नवऱ्याने चुकवली नाही. त्याचा आवाज पार पलीकडच्या काठावर गेला असेल.

दुपारी शिखर दिसलं. आबा त्याच्याकडे पाठ करून बसले. पण पाठ करून बसलेला माणूस बोलायला लागला. खाली बघत, पाण्यात काही दिसत नसताना, हाताने जागा दाखवत. हितं ओढा. हितनं पेठ सुरू. ह्या अंगाला तेल्याचा घाणा, त्येच्याफुडं शिंप्याची दोन दुकानं. लेकीने सुकाणू धरून हळूहळू होडी चालवली आणि आम्ही बाजारपेठेतून गेलो, सगळी पेठ सहा-सात फूट खाली. सासूबाईंच्या तोंडून मी ही नावं ऐकली होती, पण ती अशी ओळीने, एकापुढे एक, कधी लागली नव्हती. मला भरून आलं आणि मी भाजी चिरायला घेतली.

देवळाच्या उंचवट्यापाशी होडी कुठे उभी करायची यावर बापलेकीत वाद झाला. घाटाच्या बाजूला जुन्या नदीचं पात्र, पाणी खोल, पण संध्याकाळी वाऱ्याने लाटा उठतात. पूर्वेच्या बाजूला उंचवट्याचा आडोसा, पाणी शांत पण उथळ. आबांनी पूर्वेकडे बोट केलं. "हितं टाक नांगर. हितं वारं लागत न्हाय." लेकीने बांबू घालून पाणी मोजलं, तीन फूट भरलं. होडीला दीड फूट पुरतं. धरणाला समुद्रासारखी भरती-ओहोटी नसते, असं ती मोठ्या रुबाबात म्हणाली आणि बांबू छपरावर ठेवून दिला. तो पुन्हा खाली काढला नाही.

आणि मग आमचा संसार पाण्यावर सुरू झाला.

होडीवर राहणं म्हणजे काय तर जी वस्तू हवी ती कायम कुणाच्या तरी बुडाखाली असते. चहाची साखर हवी तर नवऱ्याला उठवा, मीठ हवं तर लेकीला. मला आधी दोन दिवस संताप संताप झाला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मला संतापायला जागाच पुरत नाही, चार पावलांत होडी संपते. घरी मी रागावले की मागच्या अंगणात जाते. इथे रागावून कुठे जाणार? मग मी हसायला लागले. भाकरी थापताना होडी एका बाजूला कलली की पीठ परातीच्या कडेला आणि मी भाकरीच्या मागे. तरी आबा म्हणाले, घरच्यापेक्षा चांगली होतीय. आबांनी भाकरीला चांगली म्हणण्याची सत्तावीस वर्षांतली ती पहिलीच वेळ.

सकाळी ऊन चढायच्या आत पलीकडच्या चिखलात रोहित पक्षी उतरायचे, लांब पायांचे, गुलाबी पंखांचे, मान पाण्यात उलटी घालून गाळ चाळत. आबा त्यांना बघत दात घासायचे. नवरा दिवसभर कुठलीतरी कडी घट्ट करत असायचा, घट्ट असलेली सुद्धा. लेक पुस्तक घेऊन छपरावर. एक वयस्क मासेमार रोज आपली छोटी होडी घेऊन यायचा, चार चिलापी मासे आणि ताज्या बातम्या द्यायचा. पहिल्या दिवशी त्याने झालर बघून लग्न कुणाचं हे विचारलं आणि आम्ही सांगितलेलं कारण त्याला पटलं नाही. त्याच्याच होडीतून मी आणि लेक घाटाच्या बाजूने देवळात जाऊन यायचो. खांबांवर शिंपले चिकटलेले, पायऱ्यांवर गाळ, तरीही गाभाऱ्यात गारवा. परत आल्यावर लेक मुद्दाम मोठ्याने सगळं वर्णन करायची, नंदी असा आहे, खांबावर अशी वेलबुट्टी आहे. आबा पाठ करूनच ऐकायचे आणि चुकलं की दुरुस्त करायचे. वेलबुट्टी डाव्या खांबावर न्हाय, उजव्या.

पण उतरायचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने भीत भीत विषय काढला. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की पन्नाशीचा फिटर शाळेतल्या पोरासारखा गप्प झाला आणि आणखी एक कडी घट्ट करायला गेला.

त्याच दिवशी देवळाच्या भिंतीवर मला पाण्याची रेघ दिसली. आदल्या दिवशी पाणी दगडाच्या एका थराला टेकलेलं होतं, आज त्याखाली वीतभर ओला काळा पट्टा.  भावाचा फोन तेव्हा आठवला. समोरच्या काठाकडे बघितलं तर लोक मोटारी उचलून पुढे सरकवत होते. पाणी सुटलं होतं आणि माझ्या माहेराकडे चाललं होतं, आमच्या होडीखालून. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, तुला कधीपासून माहीत आहे. आणि त्या चार पावलांच्या होडीत तो टोमणा मला दोन दिवस सहन करावा लागला असता. मी मनाशी ठरवलं की एवढ्याने काही होत नाही, आणखी फूटभर पाणी आहे. चौथ्या दिवशी ठरवलं की उद्या सकाळी चहाबरोबर सांगू.

पाचव्या दिवशी सकाळी चहा करायला उठले आणि पातेलं हललं नाही. चार दिवस मी त्या पातेल्याला एका हाताने धरून चहा केला होता. ते स्थिर होतं, घरच्या ओट्यावर असावं तसं. मी बाहेर डोकावले. होडी गाळात बसली होती, जरा डावीकडे झुकून, आणि चारी बाजूंना ओला, चकचकीत, राखाडी चिखल. पाणी रात्रीत झपाट्याने उतरून मागे पन्नास-साठ पावलांवर गेलेलं. शीड गुंडाळलेलं, झालर चिखलाला टेकलेली.

नवरा उठला, त्याने बघितलं आणि पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे भावावरच आलं. लेक रडकुंडीला आली, कारण मोजमाप तिचं होतं. तिचं तोंड बघून मला राहवेना. मी सांगून टाकलं. फोन आल्याचं, गप्प बसल्याचं, रेघ दिसल्याचं, सगळं. नवरा पाठ करून एक कडी घट्ट करायला लागला, आणि ते टोमण्यापेक्षा जड गेलं. प्यायचं पाणी एका बाटलीवर आलं होतं, ऊन तापायला लागलं होतं. मासेमाराला फोन लावला. तो म्हणाला, होडी तिथवर येणार न्हाय, घाटाकडनं या, मी थांबतो. म्हणजे आम्हाला दोनशे पावलं चिखलातून उंचवट्यावर चढून पलीकडे घाटावर जायचं होतं. होडी काढायला मागाहून ट्रॅक्टर आणायचा. ती पुढे उसाच्या ट्रॉलीत बसून झालरीसकट घरी आली, ते वेगळंच.

नवरा वाट बघायला उतरला आणि पाचव्या पावलाला मांडीपर्यंत गेला. ओढून काढला तेव्हा एक चप्पल आत राहिली. आता करायचं काय, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघत होतो.  आबांनी छपरावरचा बांबू घेतला, धोतराचा काचा मारला आणि चार दिवसांत पहिल्यांदा देवळाकडे तोंड केलं.

"मर्दा, तू पाटलाच्या परड्यात शिरलास," नवऱ्याला म्हणाले. "रस्ता ह्यो हाय."

होडीच्या टोकाजवळ त्यांनी बांबू खुपसला. वीतभर गाळ गेला आणि खाली दगडाचा आवाज आला. मग शिखराचं टोक आणि उंचवट्याच्या कडेचा वेशीचा अर्धा दगड एका रेषेत धरून ते खाली उतरले. गुडघ्याचं नाव नाही, आधाराला हात नाही.  आबांचे दोन्ही पाय जुन्या गावाच्या रस्त्यावर होते, घोट्यापर्यंत गाळात. ते क्षणभर थांबले आणि बांबू टाकत पुढे निघाले. आम्ही उरलेलं सामान डोक्यावर घेऊन त्यांच्या पावलावर पाऊल टाकत मागे. एक पाऊल बाहेर गेलं की चिखल, त्यांच्या रेषेत राहिलं की फरसबंदी. लेक मागून मोजत होती, म्हणाली, आबा, रस्ता दहा फुटांचा आहे. आबा म्हणाले, बारा. दोन बैलगाड्या शेजारून जायच्या.

निम्म्या वाटेवर ते डावीकडे वळले आणि थांबले. घाट सरळ होता. समोर गाळातून वर आलेली घडीव दगडांची एक ओळ होती, चौकोनी, गुडघाभर उंचीची. लाकूड, दारं, पत्रे लोकांनी गाव सोडतानाच नेले होते. उरलं होतं ते जोतं, आणि त्याच्या मधोमध एक आडवा, झिजलेला लांब दगड. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मागे वळून बघितलं. आमची होडी त्या दगडापासून हाकेच्या अंतरावर होती, त्यांनी बोट दाखवलं होतं त्याच जागी.

मी म्हणाले, आबा, माझं चुकलं, मला ठाऊक होतं.

"मला बी ठावं व्हतं," ते म्हणाले. "भावाचा पाण्याचा फोन आला, की तू एक भाकरी जास्त थापतीस. सत्तावीस वर्सं बगतोय."

 मग तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"बोललो असतो तर पोरीनं नांगर उचलला असता." त्यांनी बांबू जोत्याला टेकवून ठेवला. "पावना म्हनून न्हाय आलो मी. अडकलो म्हनून आलो."

नवरा खाली मान घालून उगाचच चिखल झाडत होता. आबांनी पंच्याने त्या आडव्या दगडावरचा गाळ पुसला, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मग मला विचारलं, तांदूळ शिल्लक आहेत का. मला वाटलं उन्हाने त्यांना काही होतंय की काय. डोक्यावरच्या पिशवीत ओंजळभर होते. त्यांनी लेकीकडून चहाचा स्टीलचा कप घेतला, तो तांदळाने शिगोशीग भरला आणि दगडाच्या मधोमध ठेवला.

माझं लग्न झालं तेव्हा मी माप ओलांडलं ते हायवेजवळच्या गावात, पत्र्याच्या खोलीच्या सिमेंटच्या उंबऱ्यावर. तेव्हाही आबा बाजूला उभे होते आणि त्यांचा चेहरा मला घुश्शातला वाटला होता. पहिल्या दिवसापासून मी धरून चालले होते की ह्या माणसाला धरणाखालची सून पसंत नव्हती.

"तुजी सासू ह्याच उंबऱ्यावरनं आत आलती," ते म्हणाले. "तुला हितनं आनायची ऱ्हायली व्हती."

पन्नाशीची मी, गुडघ्यापर्यंत गाळ, डोक्यावर पिशवी, केस विस्कटलेले. घाटावरून मासेमार हाका मारत होता. लेक रडत होती आणि हसतही होती. मी पिशवी नवऱ्याकडे दिली, घाईघाईने पदर सारखा केला आणि पाय उचलला.

"उजवा," आबा म्हणाले.

मी डावा पाय मागे घेतला.